कारनिशची गाज आणि अर्धी ओवी

चि. सई हिस,
अनेक आशीर्वाद.

तू स्कॉटलंडच्या लुईस बेटावरून, उइगच्या वाळूवरून पाठवलेलं गेलिक भाषेतलं गाणं मी एव्हाना चाळीस-पन्नास वेळा ऐकलं असेल. शब्द एक कळत नाही, पण चाल तोंडात बसली आहे. काल कुंड्यांना पाणी घालताना गुणगुणत होतो, तर तुझ्या आईने आतून विचारलं, "अहो, बरं नाही का वाटत?"

तुझा प्रश्न होता की आपल्याकडे अशी गाणी का नाहीत. जायकवाडीच्या नाथसागरात शंभरावर गावं गेली, आपलंही गेलं, मग त्याचं गाणं कुठे आहे? फोनवर मी "बघू, सांगतो" म्हणालो आणि विषय थंडीवर नेला. तुझ्या ते लक्षात आलं असणारच. म्हणून लिहायला बसलो.

आधी तुझ्या गाण्याचं बोलतो, ते सोपं आहे. नाव तू देवनागरीत लिहून पाठवलंस, 'अन आतरख्क आर्त'. मी शेवटचा शब्द वाचला आणि म्हटलं, झालं, ओळख पटली! मग तू सांगितलंस की त्याचा अर्थ 'उंच', आणि आधीचा शब्द म्हणजे समुद्राचं अखंड उसळणं. त्या आवाजाला मराठीत 'गाज' म्हणतात. मराठवाड्यातल्या माणसाला हा शब्द कुठून माहीत असणार? आमच्या उपविभागात मालवणचे एक शाखा अभियंता बदलून आले होते. पहिल्याच आठवड्यात म्हणाले, "इथे रात्री झोप लागत नाही, गाज नाही ना." आम्ही सगळे हसलो होतो.

हे गाणं करणारे डोनाल्ड मॅकआयव्हर लुईस बेटावरचेच, उइगचे, पेशाने शाळामास्तर. काळ १९०५ च्या आसपासचा. त्यांच्या नात्यातला एक म्हातारा कॅनडाहून आला होता. त्याचं गाव कारनिश. तिथून सगळ्यांना उठवलं होतं आणि त्याचं सगळं आयुष्य पलीकडे गेलं होतं. मॅकआयव्हर त्याला घेऊन कारनिशला गेले. म्हातारा उभा राहिला, बघितलं, आणि म्हणाला की इथे होतं तसं काही म्हणजे काही राहिलं नाही, राहिली ती फक्त समुद्राची गाज. बस्स, एवढंच बोलला. गाणं त्या एका वाक्यातून निघालं आहे.

सई, इथे मी बराच वेळ अडकलो होतो. गाणं म्हाताऱ्याने केलेलं नाही. ज्याचं गेलं तो एक वाक्य बोलून परत गेला. गाणं केलं ते त्याच्याबरोबर चालत गेलेल्या माणसाने. पुढचं सगळं पत्र खरं तर याबद्दल आहे, पण मधे थोडं फिरून येतो. कालव्यावर तीस वर्षं काढलेला माणूस सरळ रेषेत कुठे जातो?

तुझ्यामुळे या उठवाउठवीबद्दल मी बरंच वाचलं. स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला सदरलंडमध्ये, स्ट्रॅथनेव्हरच्या खोऱ्यात, १८१४ साली जमीनदारणीच्या कारभाऱ्याने माणसं काढून तिथे शेविऑट जातीची मेंढरं आणायचा रस्ता मोकळा केला. घरांची छपरं पेटवून दिली. मला आधी कळेना, छपरंच का? भिंती का नाही? मग कळलं की तो मुलुख झाडांना पारखा. छपराची लाकडं हीच घराची खरी किंमत. घर बदललं तर माणसं लाकडं बरोबर न्यायची. लाकडं जळाली की परत उभं करायला काही उरत नाही. डोनाल्ड मॅक्लाऊड नावाच्या तिथल्याच एका गवंड्याने लिहून ठेवलंय की पुढच्या, १८१९ च्या उठवाउठवीत एका रात्री टेकडीवर चढून त्याने जळती घरं मोजली, अडीचशे भरली. गवंडीच तो. घरं मोजणं त्याला जमणारच. त्या कारभाऱ्यावर, पॅट्रिक सेलरवर, १८१६ साली इन्व्हरनेसला खटला चालला आणि तो सुटला.

हे वाचलं त्या दिवशी मी आपल्या देवघराच्या चौकटीकडे बराच वेळ बघत बसलो. तुला ती चौकट साधी वाटत असेल. ती जुन्या गावच्या वाड्याची आहे. गाव उठलं तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. माळवदं उकलली, माती खाली ओतली, सर, तुळया, खांब बैलगाडीत घातले. आमच्या दोन गाड्या झाल्या. चौकट आली, उंबरा मात्र दगडी होता, तो जागेवरच राहिला. कुणी काही पेटवलं नाही, नोटिसा आल्या, पंचनामे झाले, मुदत मिळाली. तो फरक मी विसरत नाही.

आता लुईसचं. हे तुला तिथे कुणी सांगितलं का माहीत नाही. १८४४ साली ते अख्खं बेट एका माणसाने १ लाख ९० हजार पौंडांना विकत घेतलं. सर जेम्स मॅथेसन. स्टॉर्नोवेच्या बंदरावरून जो किल्ला तुला दिसला आणि तू फोटो पाठवलास, तो त्यानेच बांधलेला. पैसा कुठला? चीनला अफू विकून मिळवलेला. आणि अफू कुठली? बरीचशी माळव्याची, म्हणजे शिंदे-होळकरांच्या मुलखातल्या शेतांची, मुंबई बंदरातून गलबतांवर चढलेली. मॅथेसनच्या पेढीचे मुंबईतले मोठे सहकारी होते जमशेटजी जीजीभॉय, ज्यांच्या नावाने आपण अजून 'जेजे' म्हणतो. बटाट्याच्या दुष्काळात मॅथेसनने बेटावर धान्य वाटलं, त्याबद्दल त्याला किताब मिळाला, आणि १८५१ पासून त्याच्याच माणसांनी भाडं थकलेली कुटुंबं कॅनडाच्या जहाजांवर चढवली. आपल्या इकडच्या बोंडाला चीर पडावी आणि त्याचा चीक तिकडच्या माणसाच्या उंबऱ्यापर्यंत पोचावा, हे मी कुठल्या पुस्तकात शाळेत असताना वाचलं असतं तर भूगोलात नापास झालो नसतो.

उलटाही हिशेब आहे. असईची लढाई तुला माहीत आहे, तू पाचवीत असताना मी तुला जालन्याकडून स्कूटरवर दाखवायला नेलं होतं आणि तू फक्त केळणा नदीत पाय बुडवून बसली होतीस. २३ सप्टेंबर १८०३ ला तिथे शिंदे-भोसल्यांच्या फौजेसमोर इंग्रज सेनापती वेलस्लीच्या बाजूने ज्या पलटणी उभ्या होत्या त्यात दोन हायलँडर्सच्या, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखातल्या पोरांच्या होत्या, ७४ वी आणि ७८ वी. ७८ वी १७९३ साली उभी केली रॉस परगण्यातून आणि याच लुईसमधून. त्याच्या आदल्याच वर्षी रॉसमधल्या लोकांनी जमीनदारांची मेंढरं हाकलून लावायचा प्रयत्न केला होता, आणि त्यांच्यावर सैन्य आलं होतं. तिथले गेलिक बोलणारे लोक त्या १७९२ ला अजून 'मेंढरांचं साल' म्हणतात. म्हणजे घरी मेंढरांनी जागा घेतली आणि पोरं केळणेच्या काठी येऊन मेली. कॅनडात जाऊन उतरले ते ज्या जमिनीवर नांगर धरून बसले ती तिथल्या मूळ रहिवाशांची होती, तेही खरंच. गाण्यात हे सगळं येत नाही. गाण्याचं ते कामही नसेल.

असल्या गाण्यांना लावतात तो 'सेल्टिक' हा शब्द मला फारसा पटत नाही, दुकानात खण कुठला ते सांगायला बरा. त्या खणात धुकं, बासरी आणि ढोलकीवजा काहीतरी इतकं असतं की माणूस कुठल्या गावाबद्दल रडतोय ते विचारायचंच राहून जातं. मला आवडली ती तू पाठवलेली दुसरी गाणी, लोकर कुटतानाची. ते वर्णन मी आईला वाचून दाखवलं: लांब फळीभोवती बायका बसतात, हातमागावरचं ओलं कापड शिळ्या मुतात भिजवलेलं, ते आळीपाळीने फळीवर आपटतात आणि पुढे सरकवत नेतात. एकजण कडवं टाकते, बाकीच्या 'हो रो' ओढतात. आई म्हणाली, "बाई बाई, हळदीचं दळण बरं मग." पण ऐकून झाल्यावर म्हणाली, "जातंच आहे की हे." जातंच आहे. हात गुंतलेले, तोंड मोकळं, पुरुष माणूस जवळ नाही. जे चारचौघांत बोलता येत नाही ते तालावर निघतं.

तर तुझा प्रश्न. आपल्याकडे अशी गाणी का नाहीत.

होती. निदान एक तरी होतं.

तुझ्या आजीचं. आत्याच्या लग्नात, १९८७ च्या उन्हाळ्यात, हळद दळायला जातं मांडलं. मी नुकताच टेपरेकॉर्डर घेतला होता, पहिल्या नोकरीच्या पगारातून. कौतुकाने जात्याजवळ ठेवून बटण दाबलं. रामाच्या, सीतेच्या, मामाच्या ओव्या झाल्या, आणि मग आजीने एकदम जुन्या गावाचं धरलं. शेतांची नावं घेतली, बारवेची पायरी, म्हसोबाची पट्टी, चिंचेचा मळा, एकामागे एक. हात थांबले नाहीत. बाकीच्या बायका आधी साथ देत होत्या, मग गप्प झाल्या. नुसती जात्याची घरघर आणि तिचा आवाज. दहा-बारा मिनिटं असेल. मी दारात उभा होतो आणि मला वाटत होतं की हे कधी संपेल, मुहूर्ताची वेळ होत आलीय.

त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला नागपूरला न्यूझीलंडविरुद्ध सामना होता. चेतन शर्माची हॅटट्रिक, गावस्करचं शतक. रेडिओवर कॉमेंट्री चालू, कोरी कॅसेट घरात नाही. मी हाताला लागली ती घातली.

कॅसेट पूर्ण मागे नेली नव्हती म्हणून त्या ओव्यांची सुरुवात तेवढी वाचली. दोन ओळी.

गोदाबाई माझे बाई, किती पायरी चढशील
उंबऱ्याशी दिवा ठेवला, दिवा कसा गं नेशील

पुढे खर्र, आणि मग टाळ्या. माझ्या हाताने झालं. आजीला मी कधी सांगितलं नाही. ती गेली १९९८ ला. अकरा वर्षं होती मधे, अकरा वर्षांत मी एकदा म्हणू शकलो असतो की माय, ते परत म्हण.

लुईसच्या लोकांकडे 'कीअनलस' असा शब्द आहे म्हणालीस, घरापासून तुटल्याची ओढ. तू मराठी शब्द विचारलास. मी 'हुरहूर' लिहून खोडलं. आपल्या बायकांनी त्यासाठी वेगळा शब्द केलाच नाही, त्यांना माहेर होतं. प्रत्येक बाईचं एक गाव लग्नातच सुटलेलं असतं. गाव बुडालं तेव्हा आजीने गावाला माहेराची चाल लावली, एवढंच. ऐकणाऱ्याला वाटावं सासुरवाशीण गातेय. म्हणून तुझ्यासारख्या शोधणाऱ्यांना आपली गाणी सापडत नसतील, ती माहेराच्या खणात ठेवलेली असतात.

आणि पुरुषांचं म्हणशील तर आम्ही गप्प बसलो. मी कालवा निरीक्षक झालो. ज्या पाण्याखाली आपला उंबरा गेला, त्याच पाण्याच्या पाळ्या मी तीस वर्षं वाटल्या. तुझ्या फीचे पैसे त्यातलेच. खालच्या पट्ट्यात ऊस उभा राहिलेला पाहून मला वाईट वाटायचं का? नाही वाटायचं. छान वाटायचं. हे कुठल्या चालीत बसवायचं ते मला येत नाही.

२०१६ च्या दुष्काळात धरण मृतसाठ्यात गेलं तेव्हा मी एकटाच जाऊन आलो होतो, तुम्हाला पैठणला काम आहे असं सांगून. गाळ वाळून त्याच्या फरश्या झालेल्या. ट्रॅक्टर गाळ वाहत होते. वरच्या अंगाला कुणी गाळपेर जमिनीत टरबुजं लावली होती. बारवेचा वरचा थर दिसला, देवळाचा चौथरा दिसला. आपलं घर कुठलं ते चौथऱ्यावरून पावलं मोजून काढायचा प्रयत्न केला आणि दोनदा दोन वेगळ्या जागी पोचलो, कारण पावलं नऊ वर्षांच्या मुलाची होती. कारनिशच्या म्हाताऱ्याला गाज तरी तीच ऐकू आली. इथे गोदावरीचा आवाजच नव्हता. आमच्या लहानपणी उन्हाळ्यातसुद्धा खडकावरून उतरताना तिचा आवाज ओसरीवर यायचा. मी तिथे उभा राहून कान दिला, तर ट्रॅक्टर.

आता कामाचं. तू मेच्या शेवटी येतेस म्हणतेस. जमलं तर दहा-पंधरा दिवस आधीचं तिकीट बघ. पाणी तेव्हा उतरत असतं, पण वळवाचा एक पाऊस झाला की त्या गाळात पाय घालता येत नाही. यंदा साठा बरा आहे, बारव दिसेलच असं नाही. तरी जाऊ. पांढरे बूट आणू नकोस. तुझा तो लहान रेकॉर्डर आण आणि कोऱ्या मेमरी कार्डाची दोन पाकिटं आण, एक मला. आत्यालाही घेऊ. तिला ओव्या येत नाहीत म्हणते, पण शेतांची नावं तिला माझ्यापेक्षा जास्त आठवतात, आणि ती एकदा बोलायला लागली की थांबत नाही. मधे बोलू नकोस.

आई लसणाची चटणी आणि ज्वारीचं पीठ पाठवायचं म्हणते आहे. पीठ कस्टममध्ये अडतं का ते कळव.

तुझे
बाबा