फुटबॉलवाला पेले नव्हे, बाबा

कोपनहेगन

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

फोनवर काही सांगायला घेतलं की आई 'जेवलीस का' वर गाडी नेते आणि बाबा 'ठेव आता, बिल येईल' म्हणतात. (व्हॉट्सॲपला बिल येत नाही, हे दहादा सांगून झालंय.) म्हणून लिहितेय.

परवा 'पेले द कॉन्करर' पाहिला. फुटबॉलवाला पेले नव्हे, बाबा. दिग्दर्शक बिले ऑगस्टचा १९८७ चा डॅनिश सिनेमा. फ्रान्समधल्या कान महोत्सवात पाम द'ऑर, म्हणजे तिथलं सर्वोच्च पारितोषिक मिळालं, मग ऑस्करही. मार्टिन अँडरसन नेक्सो यांच्या चार भागांच्या कादंबरीतला फक्त पहिला, बालपणाचा भाग यात घेतलाय. हे नेक्सो बॉर्नहोम बेटावर वाढले आणि तिथल्या गावाचंच नाव त्यांनी लावलं. आपल्याकडचे कुरुंदकर, इचलकरंजीकर तसंच.

लासे नावाचा म्हातारा विधुर पोराला घेऊन स्वीडनहून बोटीने बॉर्नहोमला येतो. वाटेत पेलेला थापा मारतो: डेन्मार्कात पोरांना काम नसतं, नुसतं खेळायचं, आणि रविवारी मनुके घातलेलं डुकराचं मटण. (आई, नाक मुरडू नकोस.) धक्क्यावर शेतमालक गडी निवडत हिंडतात. हा फार म्हातारा, तो फार लहान. एकेक जण गाडीत बसून निघून जातो, ही दोघंच मागे उरतात. शेवटी उशिरा आलेला एक मुकादम त्यांना नेतो. राहायला जागा कुठे, तर गोठ्यालगत.

पुढे मुकादमाच्या हाताखालचा एक पोरगा पेलेला चाबकाने मारतो. लासे तावातावाने उठतो, आता बघतोच त्याला! आणि नंतर त्याचं अवसान गळतं. लासेचं काम मॅक्स फॉन सिडोने काय केलंय! मला तिथे सिनेमा थांबवावा लागला.

बाबा, सातवीत पट्टीने माझी बोटं सुजली होती. तुम्ही ड्यूटीवरून तसेच खाकी शर्टात निघालात. स्कूटरवर वाटभर 'आज दाखवतोच त्याला' चाललं होतं. आत गेलात, टोपी काढून हातात घेतलीत आणि म्हणालात, "पोरगी जरा अवखळ आहे, सर." मी दाराशीच होते. येताना तुम्ही उसाचा रस पाजलात. मी अर्धा ग्लास मुद्दाम ओतून दिला आणि चार दिवस तुमच्याशी बोलले नाही. फीमाफीचा अर्ज त्याच टेबलावर पडला होता, हे आईने सांगितलं तेव्हा मी कॉलेजात होते. तोवर रस ओतून झाला होता.

सिनेमा अडीच तासांचा आहे, मध्ये रेंगाळतो. मालक-मालकिणीचं प्रकरण मला जडच गेलं. पण शेवटी बर्फात लासे थांबतो, आता आपल्याच्याने होणार नाही म्हणतो, आणि पेले एकटाच पुढे जातो. तुम्हीही विमानतळावर काचेच्या दाराशी 'तू हो पुढे' असंच म्हणाला होतात.

ते जाऊ दे. मे महिन्यात या. 'आता आमचं काय वय' हे मी ऐकणार नाही. बॉर्नहोमला जाऊ. इथून पूल ओलांडून आधी स्वीडनमध्ये इस्टाडला जायचं आणि तिथून बोट, लासे आला तशीच. पण दीड तासाच्या आत पोचते.

पासपोर्टचे फोटो या आठवड्यात काढून घ्या. आई, त्यांना चौकड्यांचा शर्ट घालू नकोस. आणि बाबा, टोपी काढावी लागेल. फोटोपुरतीच.

तुमची,
बाळी