मिलवॉकीचे महापौर: सुहासला पत्र

प्रिय सुहास,

दिवाळी अंकातल्या लेखासाठी तू मिलवॉकीचे महापौर घेतलेस, फार बरं केलंस. विस्कॉन्सिन राज्यातलं, मिशिगन सरोवराकाठचं हे शहर नगरकारभार समजून घ्यायला अमेरिकेत सापडेल त्यातलं उत्तम उदाहरण आहे. तुझ्या टिपणातली नावं-सालं बरोबर आहेत, पण नुसत्या यादीतून काही हाती लागत नाही. प्रत्येक नावापाशी तीन गोष्टी तपास: मुदत किती होती, मतपत्रिकेवर पक्ष छापला जात होता का, आणि शहराची हद्द त्या वेळी कुठे संपत होती. माझ्या मते हा सगळा इतिहास या तीन नियमांनी घडवला आहे. माणसं नंतर येतात.

आधी वाचकाला एक गोष्ट समजावून सांग, नाहीतर तो मुंबई-पुण्याचा महापौर डोळ्यांसमोर आणेल. आपल्याकडे महापौर नगरसेवकांमधून निवडला जातो आणि कारभाराची चावी आयुक्तांकडे असते. मिलवॉकीत महापौराला लोक थेट मत देतात आणि प्रशासनाचा प्रमुखही तोच असतो. खातेप्रमुखांची नावं तो सुचवतो, 'कॉमन कौन्सिल', म्हणजे निवडून आलेल्या नगरसेवकांची सभा, ती मंजूर करते. सप्टेंबरअखेर तो अंदाजपत्रक मांडतो, कौन्सिल दुरुस्त्या करून नोव्हेंबरात ते पारित करते. त्यावर महापौराला नकाराधिकार आहे. तो मोडायला दोन तृतीयांश मतं लागतात, म्हणजे आजच्या 15 नगरसेवकांपैकी 10. मतदान एप्रिलच्या पहिल्या मंगळवारी होतं आणि उमेदवार जास्त असले तर फेब्रुवारीत प्राथमिक फेरी होते. नोव्हेंबरातल्या अध्यक्षीय निवडणुकीशी याची गल्लत होऊ देऊ नकोस.

आता सुरुवात. नदीच्या काठांवर तीन वस्त्या होत्या: पूर्वेला सॉलोमन जुनोची, पश्चिमेला बायरन किलबर्नची आणि दक्षिणेला जॉर्ज वॉकरची. किलबर्नने आपले रस्ते मुद्दामच पलीकडच्या रस्त्यांच्या रेषेत आखले नाहीत. पूल कुणी बांधायचे आणि खर्च कुणी करायचा, यावरून 1845 मध्ये वाद इतका पेटला की पश्चिमेकडच्यांनी एका पुलाचं आपल्या बाजूचं टोकच पाडून टाकलं. पूर्वेकडच्यांनी तोफ आणून किलबर्नच्या घरावर रोखली. त्याची मुलगी नुकतीच वारल्याचं कळल्यावर ती डागली नाही. या भांडणानेच तिघांना एकत्र आणलं. 31 जानेवारी 1846 ला एकच शहर झालं आणि जुनो पहिला महापौर झाला. पुढे किलबर्न 1848 आणि 1854 मध्ये, तर वॉकर 1851 आणि 1853 मध्ये महापौर झाले. तेव्हा मुदत एकच वर्षाची होती, म्हणून ही नावं अशी तुटक येतात. मध्यभागातले काही पूल आजही नदीवर तिरके आहेत. लेखात नकाशा दिलास तर वाचकाला ते लगेच दिसेल.

पुढची चाळीसेक वर्षं तू दोन परिच्छेदांत आवरलीस तरी चालेल. थांबायचं ते डेव्हिड रोजपाशी (1898 ते 1906 आणि पुन्हा 1908 ते 1910). त्याच्या काळात नगरसेवक आणि अधिकाऱ्यांवर लाचखोरीचे खटले रांगेने उभे राहिले. त्या चिडीतून 1910 मध्ये एमिल सायडेल निवडून आला. ओतकामासाठी लाकडी नमुने घडवणारा हा कारागीर अमेरिकेतल्या मोठ्या शहराचा पहिला समाजवादी महापौर. कवी कार्ल सँडबर्ग त्याचा सचिव होता. त्याच वेळी कौन्सिलमध्येही समाजवाद्यांना बहुमत मिळालं.

इथे दुसरा नियम कामाला येतो. 1912 मध्ये रिपब्लिकन आणि डेमोक्रॅट मंडळींनी मिळून गेर्हार्ड बेडिंग हा एकच उमेदवार दिला आणि सायडेलला हरवलं. त्याच वर्षी राज्याने कायदा केला की शहरांच्या मतपत्रिकेवर पक्षाचं नाव नसावं. समाजवाद्यांना रोखणं हा त्यामागचा उघड हेतू होता. झालं उलट. पक्षाचा शिक्का गेल्यावर लोक माणसाचं काम बघून मत देऊ लागले आणि 1916 मध्ये निवडून आलेला डॅनिएल होन 1940 पर्यंत हलला नाही. सात निवडणुका त्याने जिंकल्या. तोवर दोन वर्षांची असलेली मुदत 1920 पासून चार वर्षांची झाली, हे लिहायला विसरू नकोस, नाहीतर 24 वर्षं आणि सात विजय यांचं गणित वाचकाला जुळणार नाही. कौन्सिलमध्ये मात्र त्याच्या पक्षाला बहुमत नव्हतं. प्रत्येक ठरावासाठी त्याला इतरांची मतं मिळवावी लागायची, आणि म्हणूनच त्याची कामं टिकली असं मला ठामपणे वाटतं.

या कामांसाठी लेखात भरपूर जागा ठेव. शहर पिण्याचं पाणी मिशिगन सरोवरातून घेत होतं आणि मैलाही शेवटी तिथेच जात होता. विषमज्वराचं मूळ तिथेच होतं. सांडपाण्यासाठी स्वतंत्र आयोग 1913 मध्ये, म्हणजे बेडिंगच्या काळात नेमला गेला. जोन्स आयलंडचं शुद्धीकरण केंद्र मात्र 1925 मध्ये होनच्या काळात सुरू झालं. श्रेय वाटताना दोघांनाही दे. मोठ्या प्रमाणावर 'सक्रिय गाळ' पद्धत वापरणाऱ्या जगातल्या पहिल्या केंद्रांपैकी ते एक. सांडपाण्यात सतत हवा फुंकायची, म्हणजे जिवाणू वाढून मळ खातात आणि त्यांचे पुंजके बनतात. मग निवळण टाकीत ते खाली बसू द्यायचे. बसलेल्या गाळाचा काही भाग पुन्हा हवेच्या टाकीत सोडायचा, कारण जिवाणूंचं विरजण त्यातच असतं. हवा कमी पडली तर पुंजके नीट बसत नाहीत आणि गढूळ पाणी पुढे जातं. उरलेला गाळ गाळून, उष्णतेने वाळवून 1926 पासून 'मिलॉर्गनाइट' नावाचं खत म्हणून विकला जातो, आजसुद्धा. न्यूयॉर्कच्या समाजवाद्यांनी या मंडळींना 'गटारी समाजवादी' म्हणून हिणवलं, तरी त्यांनी ते नाव अभिमानाने मिरवलं. होनचा दुसरा आग्रह कर्जाविषयी होता: रोखे काढून सावकारांना व्याज भरण्यापेक्षा जमेल तितकं आजच्या उत्पन्नातून करायचं आणि जुनं कर्ज फेडायला वेगळा निधी साठवायचा.

1940 नंतर नावांचा गोंधळ होतो, तिथे जपून. होनला हरवणारा कार्ल झायडलर समाजवादी नव्हता. 1942 मध्ये तो नौदलात गेला आणि त्याच वर्षी जहाजासह समुद्रात बेपत्ता झाला. नियमानुसार कौन्सिलचा अध्यक्ष जॉन बोन हंगामी महापौर झाला आणि 1944 मध्ये निवडूनही आला. 1948 ते 1960 चा महापौर म्हणजे कार्लचा धाकटा भाऊ फ्रँक, आणि हा समाजवादी. दोघांना एक समजण्याची चूक छापील मजकुरातही दिसते.

तिसरा नियम, हद्दीचा, फ्रँकपासून सुरू होतो. आसपासची गावं सामावून घेत त्याने शहराचं क्षेत्रफळ जवळजवळ दुप्पट केलं. पण 1955 च्या 'ओक क्रीक' कायद्याने भोवतालच्या ग्रामीण वस्त्यांना स्वतंत्र शहर व्हायची वाट मोकळी झाली आणि मिलवॉकीभोवती उपनगरांचं कडं आवळलं गेलं. त्यानंतर वाढायला जागाच उरली नाही. 1960 ला लोकसंख्या 7,41,324 होती, 2020 ला 5,77,222. हेन्री मायर 1960 ते 1988 असा सर्वांत दीर्घकाळ महापौर राहिला, तो या कड्याच्या आतच. 1967 च्या जुलैअखेर दंगल झाली तेव्हा त्याने चोवीस तासांची संचारबंदी लावली. काळ्या कुटुंबांना कुठेही घर घेता यावं असा कायदा व्हावा यासाठी त्याच वर्षीच्या ऑगस्टअखेरपासून 1968 पर्यंत 200 रात्री मोर्चे निघाले. असा कायदा उपनगरांनाही लागू झाला पाहिजे, एकट्या शहराला नको, ही मायरची भूमिका. तिच्यात तथ्य होतं, पण नगरसेविका व्हेल फिलिप्स यांचा ठराव वर्षानुवर्षं एकट्या त्यांच्याच मतावर पडत राहिला, हे मला अक्षम्य वाटतं. तो मंजूर झाला 1968 मध्ये.

जॉन नॉरक्विस्टच्या काळात, 1993 च्या एप्रिलमध्ये, नळाच्या पाण्यातून क्रिप्टोस्पोरिडियम पसरून सुमारे चार लाख लोक आजारी पडले. क्लोरीनला न जुमानणारा हा परजीवी गाळणीतून निसटला होता. नंतर ओझोन प्रक्रिया बसवली आणि पाणी घेणारी नळी सरोवरात आणखी आत नेली. 2004 च्या आरंभी नॉरक्विस्टने पद सोडल्यावर मार्विन प्रॅट काही महिने हंगामी महापौर होते, म्हणून 'पहिले काळे महापौर' ते. 'पहिले निवडून आलेले काळे महापौर' हे 2022 चे कॅव्हेलियर जॉन्सन. मधली सतरा वर्षं टॉम बॅरेट यांची.

जॉन्सन यांची अडचणही हद्दीचीच. उत्पन्न बांधलेलं, निवृत्तिवेतनाचा बोजा वाढता आणि नवा कर लावायला राज्याची परवानगी हवी. 2023 मध्ये ती अटींसह मिळाली: नव्या कर्मचाऱ्यांना राज्याच्या निवृत्तिवेतन योजनेत घालायचं आणि पोलिसांची संख्या राखायची. कौन्सिलने दोन तृतीयांशांहून जास्त मतांनी ठराव केला आणि 1 जानेवारी 2024 पासून शहराचा 2 टक्के विक्रीकर सुरू झाला. लेख इथवर आण. मसुदा झाला की पाठव, सालं मी पुन्हा ताडून देईन. वहिनींना नमस्कार.

तुझा,
अनिरुद्ध