मंत्रिमहोदय, वर्षाला तेरा किलो क्रीम लागतं

मा. आरोग्यमंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

गेल्या 14 सप्टेंबरला, जागतिक इसब दिनी, आपण व्यासपीठावरून दोन गोष्टी कबूल केल्या होत्या. इसब असलेल्या मुलांना सरकारी दवाखान्यातून पुरेसं मॉइश्चरायझर मिळेल, आणि ते कसं लावायचं हे आईवडिलांना शिकवायला एक परिचारिका नेमली जाईल. मी तिसऱ्या रांगेत बसले होते. टाळ्याही वाजवल्या. त्या परत मागायची सोय नाही, म्हणून हे पत्र.

काल माझ्या सहा वर्षांच्या मुलीला शाळेने मधल्या सुट्टीतच घरी पाठवलं. वहीत लाल शाईचा शेरा : ‘अंगावरचे पूर्ण बरे झाल्यावरच पाठवावे. इतरांना लागण होऊ शकते.’ इसब लागत नाही. हात धरून लागत नाही, एका बाकावर बसून लागत नाही. हे मला माहीत आहे, आपल्याला माहीत आहे, शाळेला मात्र कोणी कळवलेलं नाही. दप्तर खाली ठेवून मुलीने विचारलं, ‘आई, मी लागते का गं?’

दुपारी तिला घेऊन दवाखान्यात गेले. केसपेपर, रांग, अडीच तास. तपासणीला चार मिनिटं, त्यातलं एक डॉक्टरांचं पेन शोधण्यात गेलं. (डॉक्टरांवर माझा राग नाही. बाहेर साठ पोरं रडत होती.) हातात पडली पन्नास ग्रॅमची डबी. ‘महिनाभर पुरवा,’ खिडकीतून आवाज आला.

आता हिशेब. ब्रिटनच्या ‘नाइस’ या सरकारी आरोग्य संस्थेच्या 2007 सालच्या मार्गदर्शक सूचनांत लहान मुलांसाठी आठवड्याला 250 ते 500 ग्रॅम मॉइश्चरायझर सांगितलं आहे. कमीत कमी धरलं तरी महिन्याला किलोभर, वर्षाला तेरा किलो. तुमचं खातं देतं वर्षाला सहाशे ग्रॅम, तेही साठा असेल त्या महिन्यात. एका गुडघ्यामागची खळगी त्यात नीट भिजेल. दुसऱ्या गुडघ्यासाठी पुढच्या अधिवेशनाची वाट बघू का?

आपण कधी रात्री इसबाचं मूल सांभाळलंय का? बारा-साडेबाराला सुरू होतं. आधी आवाज येतो, लाकडावर पॉलिश पेपर घासावा तसा. दिवा न लावता मी तिचे हात धरते. हातांना मोजे घातलेले असतात, ते तिने झोपेतच दातांनी ओढून काढलेले असतात. मग ती पायाने पाय घासते. सकाळी चादरीवर बारीक बारीक रक्ताचे ठिपके असतात आणि शाळेत ‘लक्ष देत नाही’ म्हणून तक्रार. गेल्या वर्षातल्या तीनशे रात्री तरी अशा गेल्या. वहीत मांडलेल्या नाहीत. दोनशे असल्या तरी भांडायला पुरेशा आहेत. घरातली माणसंही एकमेकांना खाजवल्यासारखीच बोलतात. धाकट्याने मध्यंतरी विचारलं, त्याला इसब कधी होणार. म्हणजे त्यालाही कुणी रात्री जवळ घेईल.

आणि वर सल्ले. ‘गरोदरपणी काय खाल्लंस?’ हा प्रश्न मला किती जणींनी विचारला असेल! 2006 मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की फिलाग्रिन नावाच्या प्रथिनाच्या जनुकातल्या दोषामुळे इसबाचा धोका बराच वाढतो. त्वचेची भिंतच कच्ची राहते, आतलं पाणी उडतं, बाहेरचं नको ते आत शिरतं. एवढं एका पानावर छापून वाटलं असतं तर किती आयांच्या डोक्यावरचं ओझं उतरलं असतं. पण तुमच्या खात्याने काय छापलं? पोस्टर. गुळगुळीत कातडीचं हसरं बाळ, कोपऱ्यात आपला फोटो (बाळापेक्षा मोठा), आणि खाली ठळक अक्षरांत ‘खाजवू नका’. धन्यवाद. हे आम्हाला सुचलंच नव्हतं.

सांगणारं कोणी नसलं की माणूस दुकान गाठतो. तिच्या दुसऱ्या वर्षी मी एक ट्यूब आणली, चिठ्ठीशिवाय, तीन औषधं एकत्र केलेली. चार दिवसांत चट्टे गायब. मी पेढे वाटायचीच बाकी होते. ट्यूब थांबवली आणि आठवड्यात दुपटीने उसळलं. त्यात जोरदार स्टिरॉइड, म्हणजे सूज-खाज दाबणारं औषध होतं हे नंतर कळलं. मग मी इतकी घाबरले की डॉक्टरांनी दिलेलं सौम्य स्टिरॉइडसुद्धा मोहरीएवढं लावत राहिले, आणि लेकीने सहा महिने जास्त भोगलं. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या घडीपर्यंत पिळलेलं मलम म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, ते दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरतं. हे माप 1991 पासून वैद्यकात आहे. मला ते रांगेत पुढे उभ्या असलेल्या एका आईने स्वतःचं बोट दाखवून शिकवलं. तुमची परिचारिका म्हणजे ती बाई. तिलाच पगार सुरू करा.

रेशमी कपडेही शिवले, आंघोळीच्या पाण्यात घालायची तेलंही आणली. ब्रिटनमध्ये 2017 आणि 2018 साली या दोन्हींच्या रीतसर चाचण्या होऊन गेल्या होत्या. नेहमीच्या उपचारांत त्यांनी सांगण्यासारखी काहीच भर पडत नाही, असं निघालं. आमचे पैसे तेव्हा बुडून झाले होते.

खरं दुखणं कुठे आहे, ते सांगू? तुमच्याकडे मृत्यू मोजले जातात. ज्याने कोणी दगावत नाही, त्याची फाईल सगळ्यात खाली. रात्रींचा रकाना तुमच्या कुठल्याच तक्त्यात नाही. तसाच तो शाळेच्या तक्त्यात नाही, कामाच्या जागी रजेच्या अर्जातही नाही. तिथे कारण लिहिलं ‘मुलीची खाज’, तर साहेब हसले. रस्ता खचला की पाहणी दौरा निघतो. माणूस आतून खचला की ‘तुमच्या भावना पोहोचवतो.’ त्या नेमक्या कुठे पोहोचवता, एकदा पत्ता द्या. मीच नेऊन देईन.

तेरा किलो क्रीम उद्या येणार नाही, हे मला कळतं. परिचारिकेचं पद ‘प्रस्तावित’ असेल, तेही कळतं. शाळांना परिपत्रक काढायला मात्र कागदाशिवाय काही लागत नाही. शिक्षण खात्याशी तेवढं तुम्हीच बोला. मजकुराला वेळ नसेल, तर हा घ्या :

‘इसब हा संसर्गजन्य आजार नाही. या कारणावरून कोणत्याही मुलास वर्गाबाहेर ठेवू नये, वेगळे बसवू नये. वर्गात क्रीम लावण्याची मुभा द्यावी.’

जावक क्रमांक तुमच्या लिपिकाने घालावा. सोमवारी शाळा आहे.

आपली,
लाल शाईचा शेरा मिळालेल्या मुलीची आई