आधी आपल्या मातीतली पुस्तके

नागपूर

चिरंजीव बाळास अनेक आशीर्वाद.

ठाण्याच्या नव्या घरात सुताराकडून भिंतीभर पुस्तकांचे कपाट करून घेत असल्याचे तू कळवलेस आणि त्यात ठेवण्यासाठी मराठीतल्या अभिजात ग्रंथांची यादी मागितलीस, याचा मला फार आनंद झाला. शंभर नावे लिहून पाठवणे अवघड नव्हते. पण तशी यादी हाती आली की माणूस सगळी पुस्तके एकदम मागवतो आणि मग त्यांतली बरीचशी वर्षानुवर्षे उघडलीही जात नाहीत. म्हणून मी थोडीच सुचवते, आणि ती का घ्यावीत तेही सांगते. माझा आग्रह एकच आहे, की आरंभ आपल्या विदर्भापासून कर. मराठी साहित्याचा विषय निघाला की सगळ्यांचे लक्ष पुण्या-मुंबईकडे जाते, आणि नागपुरात वाढलेल्या मुलांनाही वाटू लागते की आपल्याकडचे लेखन ही नंतर जोडलेली पुरवणी आहे. तुझ्या मुलीला असे कधी वाटू नये.

पहिला ग्रंथ ‘लीळाचरित्र’. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात, ‘ज्ञानेश्वरी’च्या काही वर्षे आधी, म्हाइंभटांनी महानुभाव पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी यांच्या आठवणी गोळा केल्या आणि त्यांतून मराठी गद्याचा हा पहिला मोठा ग्रंथ सिद्ध झाला. त्याची जागा कोणती, तर आपल्या अमरावती जिल्ह्यातले रिद्धपूर. स्वामींच्या सहवासात राहिलेल्या माणसांना गाठून, त्यांना विचारून आणि स्वामींचे पट्टशिष्य नागदेवाचार्य यांच्याकडून खात्री करून घेऊन म्हाइंभटांनी एकेक लीळा, म्हणजे स्वामींच्या आयुष्यातला एकेक प्रसंग, नोंदवली. इतक्या जुन्या काळी ऐकीव गोष्टीची शहानिशा करण्याची ही निष्ठा मला आजही थक्क करते. लीळा लहान लहान आहेत. स्वामी कुठे उतरले, काय जेवले, कोणी काय विचारले आणि त्यावर ते काय म्हणाले, असे साधे प्रसंग त्यांत येतात, आणि महदाइसेसारखी शिष्या त्यांना निःसंकोच प्रश्न विचारताना दिसते. भाषा जुनी असल्यामुळे तळटीपा आणि शब्दार्थ असलेली संपादित आवृत्तीच घे. नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेले वि. भि. कोलते यांनी महानुभाव वाङ्मयाच्या अभ्यासाला आयुष्य वाहिले होते. त्यांनी संपादित केलेली प्रत मिळाली तर उत्तमच. रोज दोन-तीन लीळा मोठ्याने वाचल्यास काही दिवसांत ती भाषा आपोआप ओळखीची होते.

‘ज्ञानेश्वरी’ आणि तुकारामांची गाथा यांविषयी तुला वेगळे सांगायला नको. गाथेची शासनाने १९५० साली प्रसिद्ध केलेली प्रत आणि तिची पुढची पुनर्मुद्रणे विश्वासार्ह आहेत. त्यांच्या शेजारी राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची ‘ग्रामगीता’ ठेव. ४१ अध्यायांच्या या ओवीबद्ध ग्रंथात गावाची स्वच्छता, श्रमदान, शिक्षण, स्त्रियांचा मान हे विषय धर्मचिंतनाच्या बरोबरीने येतात, आणि मोझरीला बसून एका माणसाने खेड्याच्या संसाराचा किती बारकाईने विचार केला होता, हे त्यातून कळते.

यानंतर मी ज्या पुस्तकाचे नाव घेणार आहे, ते माझ्या मते प्रत्येक मराठी घरात असलेच पाहिजे. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ हे छोटेसे पुस्तक लिहिले. सुरतेकडच्या विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेला आपल्या नवजात बाळाच्या हत्येबद्दल शिक्षा झाली, आणि त्या निमित्ताने वर्तमानपत्रांतून सगळ्या स्त्रीजातीवर दोषारोप होऊ लागले. तेव्हा या बाईंनी लेखणी उचलली आणि विचारले, की जे दुर्गुण तुम्ही बायकांच्या माथी मारता, ते पुरुषांत नाहीत काय? त्यांच्या वाक्यांना धार आहे, संताप आहे, घरातल्या बोलण्याचा ठसका आहे. टीकेची झोड उठली तेव्हा जोतीराव फुले त्यांच्या बाजूने उभे राहिले, म्हणून या पुस्तकाला लागूनच महात्मा फुले यांचे समग्र वाङ्मय ठेव. त्यात १८७३ सालची ‘गुलामगिरी’ आहे आणि ‘शेतकऱ्याचा असूड’ही आहे. कर्ज, सारा, कोर्टकचेरी आणि अडाणीपण यांच्या कात्रीत सापडलेल्या शेतकऱ्याचे जे वर्णन जोतीरावांनी १८८३ साली केले, ते आपल्या कापूसपट्ट्यातल्या माणसाने वाचले तर त्याला त्यातला फार थोडा भाग जुना वाटेल. हा ग्रंथ राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने काढला असल्यामुळे माफक किमतीत मिळतो. नागपूरच्या शासकीय ग्रंथागारात मी तुझ्यासाठी चौकशी करीन.

कादंबऱ्यांत पहिली ‘धग’. उद्धव शेळके यांची ही कादंबरी १९६० साली आली. तिच्यातली कौतिक दारिद्र्याशी झुंजत संसार ओढते, आणि लेखक तिच्याविषयी एकही हळवे विशेषण न वापरता आपल्याला तिच्या चुलीपाशी नेऊन बसवतो. त्यातले संवाद वऱ्हाडी आहेत. तुझी आजी ज्या बोलीत रागावत असे आणि ज्या बोलीत लाड करीत असे, ती बोली मोठ्या साहित्यकृतीची भाषा होऊ शकते, हे तुझ्या लेकीला याच पुस्तकातून समजेल. तिला ते तू स्वतः वाचून दाखव, कारण वऱ्हाडीची लय तिच्या कानांवर पडायला हवी. महेश एलकुंचवार यांचे ‘वाडा चिरेबंदी’ हे नाटकही घे. धरणगावच्या देशपांड्यांच्या वाड्यात वडिलांच्या मृत्यूनंतर मुंबईहून येणारा सुधीर, गावात राहून वाडा सांभाळणारा थोरला भाऊ आणि अंगणात बंद पडून राहिलेला ट्रॅक्टर, हे सारे वाचताना तुला दूर राहणाऱ्या आणि मागे राहिलेल्या अशा दोन्ही मुलांची बाजू कळेल.

कविता अनेक आहेत, परंतु ग्रेस यांचा १९६७ सालचा ‘संध्याकाळच्या कविता’ आणि सुरेश भटांचा ‘रंग माझा वेगळा’ हे दोन संग्रह आधी असू देत. ग्रेस यांच्या ओळींचा अर्थ लागत नाही म्हणून पुस्तक बाजूला ठेवू नकोस. आधी नाद मनात उतरू दे.

विदर्भाबाहेरची पुस्तके घेताना ‘स्मृतिचित्रे’ सर्वांत आधी घे. लक्ष्मीबाई टिळकांना नीट शाळा मिळाली नव्हती. पतीने १८९५ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर त्यांचे सारे जग उलटेपालटे झाले, आणि तरीही त्यांच्या लेखणीत कटुतेचा लवलेश नाही. नागपूर आणि राजनांदगावचे दिवसही त्यांच्या आठवणींत येतात. अण्णा भाऊ साठे यांची ‘फकिरा’ आणि दया पवार यांचे ‘बलुतं’ यांच्याशिवाय तर कपाट अपुरेच राहील. गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’, म्हणजे १८५७च्या बंडाच्या धामधुमीत त्यांनी केलेल्या प्रवासाची हकिकत, घेताना मात्र नीट पाहून घे. १९०७ साली तो प्रथम छापला गेला तेव्हा चिं. वि. वैद्यांनी मजकुरात बरेच फेरफार केले होते; दत्तो वामन पोतदारांनी मूळ हस्तलिखितावरून सिद्ध केलेली आवृत्ती १९६६ साली आली, तीच घे. कोणत्याही जुन्या ग्रंथाची संक्षिप्त किंवा ‘सुलभ’ आवृत्ती मूळ प्रतीच्या जागी घेऊ नकोस.

कपाटाविषयीही दोन शब्द लिहिते. आमच्याकडे उन्हाळ्यात कुलरच्या ओलसर वाऱ्याने पाने फुगतात आणि पावसाळ्यात वाळवीचे भय असते. तुमच्याकडे समुद्राची दमट हवा बारा महिने असते. तेव्हा बाहेरच्या भिंतीला कपाट चिकटवू नकोस, मागे बोटभर जागा सोड, आणि पुस्तके इतकी दाबून बसवू नकोस की काढताना त्यांच्या पाठी फाटाव्यात. काचेची दारे लावायची असल्यास ती अधूनमधून उघडी ठेवावी लागतील.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ मी मुद्दाम यादीत घातलेला नाही. मूळ इंग्रजी ग्रंथ बाबासाहेबांच्या निर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झाला. ज्या दीक्षाभूमीवर १४ ऑक्टोबर १९५६ रोजी त्यांनी धम्मदीक्षा घेतली, तिथेच जाऊन तो आपण विकत घ्यावा, अशी माझी इच्छा आहे. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला तिथे पुस्तकांची दुकाने लागतात, आणि दूरदूरच्या खेड्यांतून आलेली माणसे शिदोरीच्या पिशवीत पुस्तके घालून परत जातात. दसऱ्याला तू लेकीला घेऊन येच. तोवर ‘धग’, ‘स्त्री-पुरुष तुलना’ आणि ‘स्मृतिचित्रे’ एवढी तीनच मागव आणि वाचायला लाग. ‘लीळाचरित्रा’ची प्रत मी इथे शोधून ठेवते. सूनबाईंना आशीर्वाद सांग आणि त्यांना स्वतःला कोणती पुस्तके हवी आहेत, तेही विचारून कळव.

तुझी,
आई