बेसूर वाटलेल्या गमेलानविषयी

प्रिय मिलिंद,

सप्रेम नमस्कार.

बालीच्या गमेलानचं, म्हणजे तिथल्या मुख्यतः ठोकून वाजवायच्या वाद्यांच्या ताफ्याचं, ते रेकॉर्डिंग ऐकून ‘नुसता गोंगाट, आणि तोही बेसूर’ असं लिहिलंस. राहवलं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी बेसूरपणाचं. तंबोऱ्याची जोड लावताना दोन तारांतली थरथर जाईपर्यंत तू उठत नाहीस. बालीत नेमकी तीच थरथर जपतात. वाद्यं जोडीनं घडवतात. एकाच स्वराची एका वाद्यातली धातूची पट्टी किंचित उतरी, दुसऱ्यातली किंचित चढी. दोन्ही एकदम वाजली की नादात लाटा उठतात. त्या नसतील तर तिथल्या कानाला वाद्य निर्जीव वाटतं.

आता गोंगाट. तू ऐकलंस ते गोंग केब्यार, गमेलानचाच एक प्रकार. १९१५च्या सुमारास उत्तर बालीतल्या बुलेलेंगमध्ये ते पुढे आलं. सगळा ताफा एकदम कोसळतो, थबकतो, पुन्हा उसळतो. त्याचं असं वेड लागलं की कित्येक गावांनी जुन्या, संथ वादनाचे संच वितळवून केब्यारचे ओतून घेतले. केब्यार मलाही थरारून सोडतं, पण त्या वितळलेल्या संचांची हळहळ वाटतेच.

पश्चिमेला जेंब्रानात जेगोग वाजतं, अजस्र बांबूंचं. दोन ताफे समोरासमोर बसून एकाच वेळी आपापलं वाजवतात आणि दुसऱ्याला बुडवायला बघतात. ते तुला आत्ता ऐकवणार नाही!

तू गेंदेर वायांग ऐक. छायाबाहुल्यांच्या खेळाला साथ करणारी जेमतेम चार वाद्यं, प्रत्येकाला काशाच्या दहा पट्ट्या. डावा हात धून धरतो, उजवा जोडीदाराच्या सुरांमधल्या फटी भरत जातो. दोघांचं मिळून एकच धावतं नक्षीकाम ऐकू येतं. दोन्ही हातांत काठ्या असल्यामुळे आधीचा स्वर मनगटाच्या कडेनं दाबायचा आणि त्याच क्षणी पुढचा वाजवायचा. केब्यारमध्ये हे विणकाम बऱ्याच जणांत वाटलेलं असतं. इथे एकेकाच्या दोन हातांत आहे. म्हणून मला हे सगळ्यांत अवघड वाटतं आणि सगळ्यांत जवळचंही. शिवाय पडद्यावर बहुधा महाभारतच असतं, आपलाच भीम, आपलाच अर्जुन.

बाहुल्या येण्याआधीचं लांबलचक वादन, पेमुंगकाह, तिथूनच सुरुवात कर. आवाज लहान ठेव, आणि लाटा ऐकू आल्या की लगेच कळव.

तुझा,
अविनाश