शिशाच्या गोळ्या द्या, लोखंडी नट घ्या

कोल्हापुरात गळ टाकणाऱ्या मंडळींना आणि उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगावच्या कारखानदारांना कळकळीचं आवाहन.

१९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातली १९९१ची दुरुस्ती यांनी शिकार बंद झाली, पण बंदुकीच्या छऱ्यांचं तेच शिसं गळाच्या दोरीला वजन म्हणून बांधलेलं आजही आपल्या पाण्यात पडतंय. दोरी तुटली की गोळी तळाशी राहते. वारकरी, हळदी-कुंकू बदक हे पक्षी दाणे दळायला बारीक खडे गिळतात, त्यांत ही गोळीही जाते. पोटातल्या जाड मांसल पिशवीत ती खड्यांवर घासते, आम्लात विरघळते, शिसं रक्तात उतरतं. मग पंख लुळे पडतात, विष्ठा हिरवी होते, अन्न गळ्यातच तुंबतं आणि पक्षी भरल्या गळ्यानं उपाशी मरतो. एखाददुसरी गोळीही बदकाला पुरते. हंस असे मरू लागले म्हणून ब्रिटननं १९८७ साली २८ ग्रॅमपर्यंतच्या शिशाच्या वजनांची विक्री थांबवली.

त्यामुळे घाई आहे ती ज्वारीच्या दाण्याएवढ्या गोळ्यांची; ५० ग्रॅमचं वजन बदक गिळत नाही, ते नंतर दिलं तरी चालेल. शिशावर नखानं ओरखडा उठतो, कागदावर करडी रेघ उमटते. गोळी दातांनी चेपू नका. घरी वितळवू तर मुळीच नका, धूर आणि भुकटी पोरांच्या अंगात जाते. झाकणाच्या बरणीत भरून आणा, हात साबणानं धुवा.

कारखानदारांकडून पैसे नकोत, नट हवेत: एम-८चे (साधारण ५ ग्रॅम) २००० आणि एम-१०चे (साधारण ११ ग्रॅम) १०००. रिजेक्ट मालही चालेल, पण साध्या लोखंडाचा. जस्ताचं प्लेटिंग नको, जस्तही पक्ष्यांना विषारी. पितळही नको, मशीनिंगच्या पितळेत २-३ टक्के शिसं असतंच. कडेचा बर (धारदार उरलेला धातू) तेवढा काढून द्या, नाहीतर नायलॉन दोरी कापली जाते.

नट मुख्य दोरीत ओवू नका. वीतभर बारीक, कमी ताकदीच्या दोरीनं वेगळा लटकवा. दगडात अडकला तर नटच तुटेल, गळ आणि मासा हातात राहील. लोखंड शिशाहून हलकं, म्हणून तेवढ्याच वजनाचा नट दीडपट मोठा असतो आणि प्रवाह त्याला जास्त ढकलतो. पंचगंगेच्या वाहत्या पाण्यात एक माप वरचा नट लावा.

दर रविवारी सकाळी ७ ते ९, रंकाळ्यावर संध्यामठाजवळ अदलाबदल होईल. जमलेलं शिसं अधिकृत बॅटरी-पुनर्वापर कारखान्याला वजन करून, पावती घेऊन देऊ.

– रंकाळा परिसरातील पक्षीमित्र आणि गळकरी