आई-बाबा, कार्ड आलं

मेडिकल चौक, नागपूर
रविवार दुपार

प्रिय आई आणि बाबा,

सप्रेम जयभीम.

हे फोनवरही सांगता आलं असतं. पण फोनवर बाबा 'बरं बरं' म्हणून आईकडे देतात आणि आईचा आवाज भरून आला की माझं बोलणं तिथंच राहतं. म्हणून लिहिते आहे. बाबा, चष्मा लावून तुम्हीच वाचा, आईला मोठ्यानं वाचून दाखवा आणि मधलं काही गाळू नका.

माझं सिकलसेलचं अपंगत्वाचं कार्ड आलं. मंगळवारी पोस्टमननं आणून दिलं. अर्ज मी दिवाळीनंतर लगेच केला होता. छोटूचं लग्न होईपर्यंत थांब असं तुम्ही दोघांनी सांगितलं होतं, आणि मी 'हो' म्हणाले होते. तो 'हो' सहा महिने मनावर घेऊन वावरले. खोटं बोलले, त्याची माफी मागते. अर्ज केला, त्याची मागत नाही.

आधी तब्येतीचं सांगते, म्हणजे आई पुढचं ऐकेल. आत्ता मी बरी आहे. आज सकाळी उठून वरण-भात आणि वांग्याची भाजी केली, तुझ्या भिवापुरी तिखटाची. फेब्रुवारीत चार दिवस भरती होते. 'ऑफिसात ऑडिट आहे, येणं जमत नाही' म्हणाले होते ना, ते हेच. पाठीतून दुखणं उठलं होतं. सलाइन लागलं, रक्त चढवलं, पाचव्या दिवशी घरी आले. मैत्रीण रात्री सोबत होती. आई, तू जवळ नव्हतीस म्हणून काही कमी पडलं नाही. तुझी आठवण मात्र खूप आली.

दुसरी गोष्ट डाव्या खुब्याची. दसऱ्याला पाय ओढत चालत होते, तेव्हा चप्पल चावली म्हणून सांगितलं होतं. चप्पल नव्हती. आपल्या आजारात रक्तातल्या पेशी कोयत्यासारख्या वाकतात आणि बारीक नळ्यांत अडकतात, हे तुम्हाला डॉक्टरांपेक्षा जास्त पाठ आहे. तशाच त्या खुब्याच्या हाडात अडकल्या. हाडाच्या गोळ्याला रक्त पुरत नाही, म्हणून तो आतून झिजू लागलाय. घाबरू नका. आज ऑपरेशन नाही. जिने टाळायचे, वजन उचलायचं नाही, पाणी भरपूर प्यायचं, हायड्रॉक्सियुरियाचं औषध चुकवायचं नाही. पुढं कधी खुबा बदलावा लागला तर बदलतील, हल्ली ते चांगलं होतं.

पण ऑफिस दुसऱ्या मजल्यावर, आणि लिफ्ट बंद. ४६ पायऱ्या. मधल्या वळणावर खिडकीच्या गजाला धरून उभी राहायचे आणि कुणी आलं की मोबाईल बघतेय असं दाखवायचे. टेबल खाली मिळावं म्हणून तोंडी विचारलं, तर उत्तर आलं की तुमचं दर महिन्याला काही ना काही असतंच. बाबा, त्या दिवशी घरी येऊन मी अर्ज भरला. तोंडी सांगणाऱ्या बाईचं कुणी ऐकत नाही, कागदाचं ऐकतात. तुम्हीच सांगायचे ना, डेपोत नोंद झाली नाही ती फेरी झालीच नाही म्हणून.

आता कार्डाची झेरॉक्स लावून लेखी अर्ज दिलाय. २०१६ च्या कायद्यात स्पष्ट लिहिलंय की सरकारी कार्यालयानं अपंग कर्मचाऱ्याला काम करता येईल अशी सोय करून द्यायची. सोमवारपासून माझं टेबल तळमजल्यावर आहे, खिडकीजवळ. बाहेर कडुलिंब आहे.

बाबा, तुमच्या मनात काय येतंय ते मला इथून दिसतं. तुम्ही एसटीत तिकीट फाडत जन्म काढला. खोटी सर्टिफिकिटं दाखवून सवलत घेणारे धट्टेकट्टे गडी तुम्ही पाहिलेत. कागद उजेडाकडे धरून शिक्का बघायचात आणि रात्री जेवताना सांगायचात, 'खऱ्या लंगड्याच्या ताटातलं खातात हे.' ते वाक्य ऐकत मी मोठी झाले. म्हणून तर ३४ वर्षांची होईपर्यंत हा कागद करायची हिंमत झाली नाही.

ऐका ना, मी कुणाच्या ताटातलं घेतलेलं नाही. नोकरी परीक्षा देऊन लागली, तेव्हा माझ्याकडे हा कागद नव्हताच. आणि सरकारी नोकरीत अपंगांसाठी जे ४ टक्के आरक्षण आहे, त्यात सिकलसेल आजही धरलेलं नाही. उच्च शिक्षणाच्या ५ टक्के जागांत धरलंय, नोकरीत नाही. मला हे बरोबर वाटत नाही, पण ते असू द्या. १९९५ च्या कायद्यात सातच अपंगत्वं होती, आपला आजार त्यात नव्हता. २०१६ च्या कायद्यानं ती २१ केली, त्यात सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया आले. दहावीच्या गणिताच्या पेपरला माझी बोटं सुजली होती आणि शेवटचे दोन प्रश्न सुटले होते, आठवतं? तेव्हा आपण कुणाकडे काही मागितलं नाही, कारण मागायला काही आहे हेच आपल्याला माहीत नव्हतं.

कार्ड सहज मिळालेलं नाही. ऑनलाइन फॉर्म, मग डॉक्टरांच्या बोर्डापुढे तीन चकरा. एकदा डॉक्टर रजेवर, एकदा रक्ताच्या जुन्या रिपोर्टची मूळ प्रत हवी. आई, तो रिपोर्ट तुझ्या ट्रंकेतल्या लाल पिशवीतूनच मी काढून आणला. विचारलं नाही, रागावू नकोस. बोर्डानं सगळं विचारलं. वर्षातून किती वेळा दुखणं उठतं, किती वेळा भरती, किती वेळा रक्त, कुठले सांधे. कार्डावर ५० टक्के लिहिलंय आणि पिवळी पट्टी आहे. ४० ते ८०च्या मधल्यांना पिवळी देतात.

तिथं रांगेत माझ्यापुढे एक बाई होती, कुहीकडची. सोबत बारा-तेरा वर्षांची पोरगी. पोरगी बाकावर आडवी आणि माय तिच्या मांड्या दाबत होती, तळहाताच्या टाचेनं, वरून खाली, अगदी तू दाबायचीस तशी. डोळ्यांचा पिवळेपणा बघूनच मी ओळखलं. तिला संजय गांधी निराधारचे पैसे मिळायला हा कागद हवा होता. फॉर्म हातात धरून तिनं मला हळूच विचारलं, 'बाई, हे कागद केलं तर उद्या पोरीचं लग्न होईल ना?' मला काही बोलता आलं नाही. मी तिचा फॉर्म भरून दिला आणि पोरीला माझ्या बाटलीतलं पाणी पाजलं. घरी येईपर्यंत तुझाच चेहरा दिसत होता.

आई, तुझ्याशी एवढंच बोलायचं आहे. मला भरती केलं की तू दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून म्हणायचीस, 'माझ्याच रक्तातून गेलं पोरीला.' तुझ्या रिपोर्टवर एएस, म्हणजे वाहक, बाबांच्या रिपोर्टवर एएस, माझ्यावर एसएस, म्हणजे आजार. दोघं वाहक असले की प्रत्येक मुलाच्या वेळी चारात एकदा असं होतं. छोटू वाचला, माझ्या वेळी ते आलं. यात तुम्ही काय केलं? तुमच्या लग्नाच्या वेळी कुणाची तपासणी व्हायची? ज्या मुलखात हिवतापानं माणसं मरायची, तिथं हे अर्धं रक्त असलेली माणसं जगली, म्हणून ते आपल्यापर्यंत पोचलं. मी हे कार्ड तुमच्यावर बोट दाखवायला घेतलेलं नाही गं. तू दर वेळी स्वतःला दोष देतेस ना, तेव्हा माझं दुखणं दुप्पट होतं. आता बस कर.

आता छोटूचं. मुलगी तुम्हाला पसंत आहे, घर चांगलं आहे, सगळं मला समजतं. बहिणीचं कार्ड कळलं तर सोयरीक मोडेल, ही भीतीही समजते. मी तिकडे कुणालाही काही सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. ते तुमच्याच तोंडून जायला हवं. पण बाबा, छोटू स्वतः एएस आहे. त्या मुलीची तपासणी करून घ्या. साधी रक्ताची तपासणी आहे, सरकारी दवाखान्यात पैसे पडत नाहीत. ती एए, म्हणजे वाहकही नाही, अशी निघाली तर त्यांच्या लेकराला हा आजार होऊच शकत नाही, फार तर वाहक होईल. ती एएस निघाली तर दोघं मिळून ठरवतील, पण माहीत असून ठरवतील. लपवून केलेल्या लग्नात उद्या आणखी एक पोरगी बाकावर आडवी पडलेली मला बघवणार नाही. छोटूशी मी बोलले. तो तयार आहे, तुमच्यापुढे बोलायला लाजतो.

खोलीची काळजी करू नका. तळमजलाच आहे, मेडिकल कॉलेजचा दवाखाना पाच मिनिटांवर. कूलरच्या जाळ्यांत नवीन गवत भरलंय, रात्री गोधडी घ्यावी लागते इतकं गार होतं. घरमालकीणबाई रोज संध्याकाळी दार वाजवून जातात. माठ आहे, फ्रिजचं पाणी मी पीत नाही. फॉलिकच्या गोळ्या महिन्याच्या आणून ठेवते. ऑफिसला रिक्षा ठरवली आहे, उन्हातून चालत नाही.

आणि तुम्ही दोघांनी माझं ऐकायचं. बाबा, बीपीची गोळी 'आज बरं वाटतंय' म्हणून सोडायची नाही. मोतीबिंदूची तारीख आता पुढं ढकलायची नाही, मी रजा टाकली आहे. कूलरमध्ये पाणी भरायला स्टुलावर चढायचं नाही, छोटूला सांगा. दुपारी १२ ते ४ बाहेर पडू नका. पडावंच लागलं तर डोक्याला दुपट्टा आणि खिशात कांदा. आई, गुडघ्याचा पट्टा कपाटात ठेवायला घेऊन दिलेला नाही. आणि यंदा सांडगे-कुरडयांचा घाट घालू नकोस, मी इथून विकतचे आणते. तुझ्या हातचे नसतील, चालतील.

एक सांगायचं राहिलं. मागच्या शनिवारी मी उमरेडला येऊन गेले तेव्हा गणेशपेठहून साध्या गाडीत बसले होते. सिकलसेलवाल्यांना साध्या गाडीत तिकीट माफ आहे. कंडक्टरनं कागद बघितला आणि मशीनमधून शून्याचं तिकीट काढून दिलं. शेजारचा माणूस म्हणाला, 'हातपाय तर चांगले दिसतात बाई, तुम्हाला काय झालं?' दिघोरी जाईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत होते. मग त्याला सांगितलं, शांतपणे, सगळं. पाचगावला त्यानं आपल्या पुतणीबद्दल विचारलं, तिचीही हाडं दुखतात म्हणाला. मी त्याला तपासणी कुठं होते ते लिहून दिलं.

बाबा, लहानपणी पहाटेच्या गाडीनं तुम्ही मला मेडिकलला न्यायचात. पुढच्या सीटवर आईच्या मांडीवर मी, पाठीला तव्यावर तापवलेल्या मिठाची पुरचुंडी. गाडी सुटली की तुम्ही सगळ्यांच्या आधी आमच्याकडे यायचात. पत्र्याच्या पेटीतून एक पूर्ण, एक अर्धं तिकीट काढून चिमट्यानं टकटक छिद्रं पाडायचात आणि स्वतःच्या खिशातून पैसे काढून बॅगेत टाकायचात. 'आपल्या माणसाचं तिकीट आधी,' म्हणायचात. त्या आवाजानं मला वाटायचं, बाबांनी तिकीट फाडलं म्हणजे आता आपण पोचणार. आज आई अर्ध्या तिकिटावर फिरते, बाई म्हणून. तुम्हालाही पासष्टीनंतर अर्धंच आहे. ते घेताना तुम्हाला कधी कुणाच्या ताटातलं वाटलं नाही. माझं शून्याचं तिकीटही तसंच बघा.

त्या दिवशी ते पर्समध्येच ठेवलं, तुम्हाला दाखवायचा धीर झाला नाही. येत्या शनिवारी पुन्हा येते आहे, साडेपाचची गाडी. या खेपेला कार्ड आणि ते तिकीट दोन्ही आणते. तुम्ही उजेडाकडे धरून बघा, शिक्का खरा आहे का ते.

तुमची,
बेबी